कर्ज विकले, घर विकले, बाळंतिणीचे दिवसही विकले!

नागपुरास हिवाळ्यात कायदेमंडळ भरते. मोटारींचे ताफे येतात, हुरड्याच्या पंगती उठतात, मोर्चे वाटेतच अडवले जातात, आणि प्रश्नोत्तराच्या तासाला आमदार विचारतात, "हे खरे आहे काय?" मंत्रिमहाशयांचे छापील उत्तर येते, "हे अंशतः खरे आहे." आम्हा कास्तकारांचा सारा जन्म या 'अंशतः'मध्ये खपला!

तरी प्रश्न विचारणे ही रिकामी कटकट आहे, असे आमचे मत नाही. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. उत्तर छापले जाते, त्यात आकडा येतो. गरिबाची बाजू मांडायला वकील परवडत नाही. तेथे सरकारने आपल्या तोंडाने कबूल केलेला एक आकडाही पुष्कळ काम करतो. म्हणून कोणी आमदार खासदार कर्जविक्रीबद्दल, घरकुलाबद्दल किंवा बाळंतपणाच्या रजेबद्दल प्रश्न विचारील तर त्याचा पक्ष कोणता हे आम्ही आधी पाहणार नाही. प्रश्न नेमका आहे की नुसता भाषणाचा फुगा आहे, एवढेच पाहू.

हे तीन विषय सरकारदरबारी तीन खात्यांत पडतात. कर्जाची विक्री दिल्लीच्या अर्थखात्याची आणि रिझर्व्ह बँकेची. घर हे गृहनिर्माणाचे किंवा ग्रामविकासाचे. रजा ही कामगार खात्याची. पण सावंगी (मेघे) येथल्या एखाद्या सुताराच्या घरी जाऊन पाहा. तिन्ही खाती एकाच छपराखाली नांदतात. छपरावर कर्ज आहे, कर्जापायी बायको कामावर आहे, आणि ती बाळंत झाली की हप्ता थकतो. खाती निराळी असतील, खड्डा एकच आहे. वर्ध्याचे आमदार डॉ. पंकज भोयर हे डिसेंबर २०२४ मध्ये राज्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या खात्यांत गृहनिर्माणही होते आणि सहकारही होता. तेव्हा वर्धेकरांनी तरी 'हा विषय आमच्याकडे येत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नये.

आता कर्ज विकणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. कारण आमच्या पुष्कळ बांधवांना आपले कर्ज विकले गेले आहे हेच मुळी ठाऊक नसते.

आठवडी बाजारात बैल विकताना गिऱ्हाईक त्याचे दात पाहते, खूर पाहते, पाठीवर थाप मारते. बैलाला कोणी विचारीत नाही. ऋणकोचे तेच झाले आहे. सन २००२ मध्ये संसदेने एक कायदा केला. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव कोणाच्या तोंडी बसेना म्हणून त्याला 'सरफेसी' म्हणतात. या कायद्याने बँकेला कोर्टाची पायरी न चढता तारण घेतलेले घर ताब्यात घेऊन विकण्याची मुभा मिळाली. त्याच कायद्याने थकलेले कर्ज जसेच्या तसे 'मालमत्ता पुनर्रचना कंपनी' नावाच्या व्यापाऱ्यास विकण्याचा बाजारही उघडून दिला. नाव काय गोंडस! घर पाडणाराने स्वतःला गवंडी म्हणवावे तसे.

या कायद्याच्या ६ व्या कलमात असे आहे की, कर्ज विकल्याची खबर ऋणकोला देणे बँकेला योग्य वाटल्यास तिने ती द्यावी. योग्य वाटल्यास! ज्याच्या घराची चावी दुसऱ्याच्या हाती गेली त्याला सांगणे हे बँकेच्या मर्जीवर. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की थकलेले कर्ज ही बँकेची मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्या बँकेला विकण्यास ऋणकोची संमती लागत नाही. २४ सप्टेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने या खरेदीविक्रीची सविस्तर नियमावलीच काढली. सहकारी बँकेचे ऋणको म्हणत होते की आमची बँक सहकारी, आम्हाला हा कायदा लागू नाही. तेही दार बंद झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी घटनापीठाने सरफेसी सहकारी बँकांनाही लागू केला.

आता यातली खरी मेख ऐका. समजा, एका सुताराने दुकानासाठी घर तारण ठेवून १० लाख रुपये काढले. धंदा बसला, हप्ते थकले. बँकेने ते येणे एका कंपनीला ३ लाखांत विकले. कंपनीचा माणूस दारी येतो तो ३ लाख मागायला येत नाही. तो १० लाख, त्यावरचे व्याज, दंडाचे व्याज आणि नोटिशीचा खर्च मागायला येतो. हाच सुतार बँकेकडे गेला होता. भाऊच्या, मेहुण्याच्या, सोसायटीच्या पाया पडून त्याने ४ लाख जमवले असते. त्याला कोणी विचारले काय, की बाबा रे, आम्ही हे येणे ३ लाखांत विकणार आहो, तू देतोस काय तेवढे? नाही. परक्या व्यापाऱ्याला ७ लाखांची सूट मिळाली. ज्याचे घर त्याला सात पैशांची मिळाली नाही. आणि सौदा कितीला ठरला हे त्याने विचारले तर उत्तर मिळते की ही व्यापारी गुप्तता आहे.

शिवाय व्यापारी तरी सगळे रोख मोजतो म्हणता? बऱ्याच सौद्यांत किमतीचा थोडाच भाग रोख असतो, बाकीच्या पावत्या. २०१४ च्या सुधारलेल्या नियमाने कंपनीने निदान १५ टक्के आपला पैसा घालावा असे ठरले. त्यापूर्वी ५ टक्क्यांवर भागत होते. म्हणजे शंभराच्या मालाला पंधरा हातावर ठेवायचे आणि पंच्याऐंशीची चिठ्ठी लिहून द्यायची, वसूल झाले तर पाहू म्हणून. अशी उधारी आमच्या कास्तकाराने बियाण्याच्या दुकानी मागितली असती तर दुकानदाराने त्याला पायरीवरून खाली उतरवले असते.

सावकाराची निंदा करण्यात आम्ही कधी मागे राहिलो नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी कुणब्यांनी सावकारांच्या दप्तरांना आग लावली, ती काही गंमत म्हणून लावली नव्हती. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला आणि रोख्यात काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याची मुभा कोर्टाला मिळाली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आजही दामदुपटीचे बंधन आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला मागता येत नाही. बेकायदा सावकाराने बळकावलेली जमीन पंधरा वर्षांपर्यंतची असली तरी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. पण हे सारे पगडीवाल्या सावकाराला. कोटवाल्या बँकेला आणि तिच्याकडून कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीला यातले काहीही लागू नाही! सावकार निदान गावातला होता, लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला येत होता, त्याला लाज घालता येत होती. या कंपनीला तोंड कोठे आहे? फोनवर बोलणारा पोरगा तिकडे दूर कोठे तरी पगारावर बसलेला. त्याला सावंगी कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नाही.

मोठ्यांचा न्याय मात्र पाहा. डीएचएफएल नावाची घरकर्ज देणारी मोठी कंपनी बुडाली. तिच्याकडे सुमारे ८७ हजार कोटींचे येणे निघत होते. २०२१ मध्ये पिरामल यांनी ती ३४,२५० कोटींना घेतली. बाकीच्यावर पाणी सोडले गेले, आणि त्याला 'यशस्वी निराकरण' म्हणतात. त्या कंपनीकडून ज्यांनी घरासाठी कर्ज काढले होते त्यांचा धनी मात्र रातोरात बदलला, हप्ता एक पैशाने कमी झाला नाही. ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना हेतुपुरस्सर बुडवणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करण्याची मोकळीक दिली. तेव्हा कोणाला बँकिंगची शिस्त आठवली नाही. परंतु २०१७ साली दीड लाखाची आणि २०१९ साली महात्मा फुले यांच्या नावाने दोन लाखांची कर्जमुक्ती कास्तकाराला देऊ केली, तेव्हा सगळ्या शहाण्यांनी डोक्याला हात लावला की आता पत बिघडली! बुडवणारा मोठा असला की तडजोड, आणि लहान असला की बिघाड.

बँकवाले म्हणतील, "पैसा ठेवीदारांचा आहे. वसुली झाली नाही तर बँक बुडेल, आणि ठेवीदारही तुमचेच गरीब लोक आहेत." बरोबर आहे. बँक बुडणे म्हणजे काय हे वर्ध्याला कोणी शिकवू नये. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या २३ बिनपरवाना जिल्हा बँका उभ्या करण्याची योजना मंजूर केली, तीत महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. पण ती आमची बँक खचली ती काय सुतार लोहारांच्या थकलेल्या हप्त्यांनीच? २००२ सालचे होम ट्रेड प्रकरण विसरलात काय? सरकारी रोखे घेतो म्हणून जिल्हा बँकांचे कोट्यवधी रुपये त्या दलालाकडे गेले, आणि रोखे आलेच नाहीत. नागपूरच्या बँकेचे दीडशे कोटींवर गेले, वर्ध्याच्या बँकेचाही पैसा त्याच डबक्यात अडकला. नागपूरच्या प्रकरणात बँकेच्या माजी अध्यक्षांना न्यायालयाने सक्तमजुरी सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये. एकवीस वर्षे लागली! सुताराला सरफेसीची नोटीस आल्यापासून साठ दिवस मिळतात.

कोणी म्हणेल, शेतजमिनीला तर हा कायदा लागू नाही ना? खरे आहे. ३१ व्या कलमाने शेतजमिनीचे तारण वगळले आहे. पण ही ढाल कोणाच्या कामाची? सावंगी, बोरगाव, सिंदी, उमरी ही वर्ध्याला चिकटलेली मेघ्यांची गावे पाहा. सावंगीस १९९० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, मोठे रुग्णालय उभे राहिले, रस्त्याकाठच्या वावरांचे लेआउट झाले. जेथे पऱ्हाटी उभी होती तेथे मुलांना भाड्याने द्यायच्या खोल्या उभ्या आहेत. जमीन अकृषिक झाली की ती ढाल गळून पडली. आणि नुसत्या सातबारावर पीक लिहून ठेवूनही भागत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जमीन खरोखर शेतीच्या वापरात आहे काय हे पाहावे लागेल. ज्याने अर्धे वावर विकून उरलेल्यावर दोन खोल्या बांधल्या, तो शेतकरीही राहिला नाही आणि शहरातला मालकही झाला नाही.

असल्या गावी घर बांधायला पैसा कोठून आणावा? एक दोन गुंठ्यांचा तुकडा असेल तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. अलीकडे त्यात सवलती झाल्या, पण वर्षानुवर्षे लोकांनी साध्या कागदावर, नोटरीवर तुकडे घेतले ते घेतलेच. सरकारी बँक विचारते, अकृषिकचा हुकूम आण, रजिस्टर खरेदीखत आण. यांच्याजवळ काय? ग्रामपंचायतीचा नमुना आठ. मग तो माणूस खासगी फायनान्स कंपनीच्या दारी जातो. ती नमुना आठवरही पैसे देते, कारण व्याजात ती सगळे भरून काढते. आणि पुढे थकलेले असे कर्ज सगळ्यांत आधी विकायला निघते.

मायबाप सरकार म्हणते, आम्ही घरकुल दिले. दिले ना! २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण घरकुलाला सपाट मुलखात १ लाख २० हजार रुपये ठरले. घर निदान २५ चौरस मीटर हवे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भाग देऊन पाहा, चौरस फुटास ४४६ रुपये पडतात. विटा, रेती, सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी, सगळे त्यातच. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातला काही भाग छतावरच्या सौर यंत्राला. चला, तेही आम्ही नाकारीत नाही. पण हा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. आधी जोते बांधा, त्याचा फोटो काढा, मग पुढचा हप्ता. हप्ता यायला उशीर झाला आणि पावसाळा तोंडावर आला, म्हणजे अर्धी भिंत उभी टाकून कोणी झोपतो काय? घरची बाई मग बचतगटाकडे जाते, तेथून मायक्रोफायनान्सवाल्याकडे जाते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये नियम केला की तीन लाखांपर्यंत वार्षिक मिळकत असलेल्या घराला असे कर्ज तारणावाचून द्यावे आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक नसावेत. निम्म्यापर्यंत चालतील! चार माणसांचे पोट उरलेल्या निम्म्यात. याला म्हणे संरक्षण! सरकारच्या उशिराचे व्याज अशा रीतीने बाईच्या पदराला बांधले जाते, आणि घराच्या दारावर पाटी लागते सरकारी योजनेची.

आता त्या बाईचे पाहू. ती दोन जिवांची आहे.

रजेचा विषय निघाला की आमचेच कुणबी भाऊ हसतात. म्हणतात, रजा म्हणजे नोकरदारांचे चोचले. आपल्या माया वावरात बाळंत झाल्या, नाळ विळ्याने कापली नि संध्याकाळी घरी आल्या. हा अभिमान आम्हाला मान्य नाही. त्या आल्या हे दिसते. ज्या आल्या नाहीत त्यांची नावे कोणी सांगत नाही. बाळंतिणीला विसावा हा परदेशातून आणलेला शौक नव्हे. ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना बाहेरची कामे लावू नयेत, तिला डिंकाचा लाडू, शेक, तेल मिळावे, ही आपल्याच घरातली रीत आहे. फक्त ती रीत ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्यालाच पाळता येते.

आणि हा प्रश्न कायदेमंडळात कोणी नेला ते आमच्या लोकांना आठवत नाही. मुंबईच्या कौन्सिलात १९२८ साली गिरणीतल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता द्यावा असे बिल रा. आसवले यांनी आणले. डॉ. आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. गिरणीमालक कुरकुरले की आमच्यावर बोजा पडेल. तरी १९२९ मध्ये कायदा झाला. वर्धा तेव्हा मध्यप्रांतात होते, तेथे १९३० मध्ये तसाच कायदा झाला. कारखान्यातल्या बायांच्या हक्काला अशी सुरुवात झाली. शंभर वर्षे होत आली! मग १९६१ चा देशभराचा कायदा, मग २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. पुढे हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. ऐकायला छान आहे. पण दुकान कारखान्यात निदान दहा माणसे कामाला पाहिजेत. कापूस वेचणाऱ्या बाईचा मालक कोण? आज या वावरात, उद्या त्या. निंदणाला जाणारी, विटा वाहणारी, घरी बसून शिवणारी, तिच्यासाठी १८२ मधला एक दिवसही नाही.

तिला काय आहे? मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५ हजार रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर मातेला ६ हजारांहून कमी देऊ नये असे लिहिले. योजनेने ते ५ हजारांवर आणले, आणि दुसरे बाळ मुलगी असेल तर ६ हजार. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ५ हजार रुपये म्हणजे १६ दिवसांची मजुरी. पगारदार बाईला १८२ दिवस, मजूर बाईला १६! दोघींचे बाळ नऊच महिन्यांचे. पगारदार बहिणीचे १८२ आम्हाला खुपत नाहीत, तिने ते सुखाने घ्यावेत. पण कायदा करणारांनी एका बाळंतिणीची अकरा पटीने कदर करावी हे कोणत्या गणिताने?

विसावा नाकारला म्हणजे बाईची काय गत होते, हे विधान परिषदेतल्या एका प्रश्नानेच उघडे पाडले. जून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा विषय काढला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितले की तीन वर्षांत त्या जिल्ह्यात ४,६०५ बायांची गर्भाशये काढली गेली. एका जिल्ह्यात! कारण काय? नवरा बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळी, दुखणे, गरोदरपण, सगळे खाड्यात मोजले जाते. मग तरुण बायका काय करतात? दुखणाऱ्या अवयवालाच काढून टाकतात, म्हणजे खाडा पडणार नाही आणि उचल फिटेल. वाचकहो, यालाच आम्ही म्हणतो कर्ज नि रजा हे दोन विषय नाहीत. उचल हे कर्ज, खाडा ही रजेची किंमत, आणि ती किंमत बाईच्या अंगातून कापून घेतली. त्या प्रश्नानंतर गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, नियम सुचवले गेले. प्रश्न विचारला नसता तर तो ४,६०५ चा आकडा कोणत्या कपाटात राहिला असता?

बापाच्या रजेचे तर नावच काढू नका. केंद्र सरकारच्या नोकराला बाळ झाले की १५ दिवस मिळतात. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत एक खासगी बिल मांडले, की ही रजा सगळ्या कामकरी बापांना मिळावी आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी. ते तसेच राहिले. खासगी सभासदाचे बिल मंजूर होण्याची गोष्ट १९७० नंतर घडलेलीच नाही. त्याआधी सगळी मिळून चौदा झाली. सातव २०२१ मध्ये गेले. त्यांचा विषय पुढे नेणारा मजुरांच्या बाजूचा आवाज मराठवाड्यातून किंवा वऱ्हाडातून मोठ्याने ऐकू येऊ नये, याची आम्हाला खंत वाटते.

रजा केवळ बाळंतपणाची नव्हे. सावंगीच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयाच्या आवारात कोणत्याही दिवशी उभे राहा. यवतमाळ रस्त्याने आलेली माणसे झाडाखाली गाठोडे टाकून बसलेली असतात. आत बापाचे ऑपरेशन, बाहेर लेक. बायको आत, नवरा बाहेर. उपचाराचा खर्च महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून निघतो, ती योजना गरिबाच्या उपयोगी पडली आहे हे आम्ही मान्य करतो. पण त्या झाडाखाली बसलेल्याची आठ पंधरा दिवसांची मजुरी कोण भरून देतो? तीच मजुरी त्या महिन्याचा हप्ता होती. हप्ता चुकला, पुन्हा चुकला, तीन महिने लोटले, बँकेच्या वहीत तो थकबाकीदार झाला, आणि थकबाकीदार झाला म्हणजे विकाऊ झाला.

दूर आयर्लंड देशात हेच घडले. २००८ च्या मंदीनंतर तेथल्या बँकांनी लोकांची घरकर्जे अमेरिकेतल्या पैसेवाल्या फंडांना विकली. तेथे लोक या फंडांना गिधाडे म्हणू लागले. तेथल्या प्रतिनिधींनी प्रश्नांचा मारा केला. २०१५ मध्ये कायदा झाला की असल्या कर्जाची वसुली करणारावर मध्यवर्ती बँकेची देखरेख राहील. २०१८ मध्ये कर्ज विकत घेणारा धनीही त्या कायद्याखाली आणला. आईबापांच्या रजेचा निराळा कायदा तेथे २०१९ मध्ये झाला. आयर्लंडची वस्ती आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. एवढासा देश, पण त्यांनी विचारले.

आमचे मंत्री म्हणतील, बँका हा केंद्राचा विषय, आम्ही काय करणार? ही पळवाट आहे. सरफेसीने घराचा कब्जा जबरदस्तीने घ्यायचा तर १४ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्याची मदत मागतात. हुकूम राज्याच्या कचेरीतून निघतो, बंदोबस्ताला पोलीस राज्याचे जातात. सामान बाहेर काढताना राज्य सरकार हजर, आणि प्रश्न विचारला की दिल्लीकडे बोट! पतसंस्थांचे तर सगळेच सहकार खात्याच्या हाती. वसुलीचा दाखला निबंधक देतो, जप्तीला वसुली अधिकारी जातो.

म्हणून येत्या अधिवेशनात आमच्या आमदारांनी हे विचारावे. गेल्या पाच वर्षांत वर्ध्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे १४ व्या कलमाखाली किती अर्ज आले, किती घरांचा कब्जा दिला, आणि त्यांतले किती अर्ज मूळ बँकेचे नसून कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीचे होते? त्यांत राहती घरे किती, आणि घरात ओली बाळंतीण किंवा आजारी माणूस असताना किती ठिकाणी कुलूप घातले? घरकुलाचे किती हप्ते तीन महिन्यांहून अधिक रखडले? शेतमजूर बाईला निदान सव्वा महिन्याची, रोजगार हमीच्या दराने मजुरी देण्यास वर्षाला किती पैसा लागेल, याचा हिशोब सरकारने कधी मांडला आहे काय? आणि खासदार अमर काळे यांनी दिल्लीत एकच प्रश्न लावून धरावा: लहान ऋणकोचे राहते घर तारण असलेले कर्ज विकण्याआधी, ज्या किमतीला ते विकणार त्या किमतीला फेडण्याचा पहिला हक्क त्या ऋणकोला देणार की नाही? यात बँकेचा एक पैसाही बुडत नाही. तिला तेवढेच मिळणार आहेत. बुडतो तो फक्त मधल्या व्यापाऱ्याचा नफा. मग नाही म्हणण्याचे कारण काय?

बांधवांनो, प्रश्नाचे उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर दारी आलेला कागद फेकू नका, चुलीत घालू नका. साठ दिवसांची नोटीस आली की त्या मुदतीतच लेखी हरकत द्या. बँकेने पंधरा दिवसांत तिचे उत्तर दिलेच पाहिजे. तुमचे येणे कोणाला विकले, कोणत्या तारखेला विकले, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. कब्जाची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांच्या आत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. पैसे भरून घर सोडवायचे असेल तर लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी सोडवा, नंतर तो हक्क कायद्याने उरत नाही. कर्ज पुरे फेडले असेल तर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात, ते सोडू नका.

आणि पुढल्या ग्रामसभेत वरचे प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडा. ठराव वहीत लिहवून घ्या, सरपंचाची सही घ्या, त्याची नक्कल आमदारांच्या हाती द्या आणि पोच मागा. सावंगीच्या बायांनी या सभेला पुढे बसावे, मागे भिंतीशी नव्हे. आमदारांनी प्रश्न लावला नाही तर नक्कल घेऊन आपणच जाऊ. सावंगीपासून नागपूरचे विधानभवन काही फार दूर नाही, आणि एस. टी. रोज जाते.